थीम पार्कातली पडीक जागा: नवी राईड टाकण्याआधी काय तपासायचं? (नाशिक परिसर)

सातपूर_लेआउट

महामार्गालगतच्या आणि त्र्यंबक रस्त्याकडच्या छोट्या-मध्यम पार्कांसाठी हा धागा. हिशोबाला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक पार्क धरू: १४ एकर, निम्मं वॉटर पार्क, निम्मं कोरड्या राईड्सचं, काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेलं.

मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मागचा कोपरा मोकळा पडलाय, तिथे कुठली राईड टाकू?" माझं म्हणणं, आधी माणूस तिथे का फिरकत नाही ते शोधा. कारण न शोधता राईड टाकली तर तीही ओस पडते, वर दोन ऑपरेटरचा पगार चालू होतो.

शोधायचं कसं? पार्कच्या नकाशावर २० × २० मीटरचे चौकोन आखा. चार माणसं घ्या. ११, १, ३ आणि ५ वाजता प्रत्येक चौकोनातली डोकी मोजा, एक फेरी वीस मिनिटांत उरकली पाहिजे. एक रविवार, एक साधा मंगळवार आणि एक शाळांच्या सहलीचा दिवस, एवढं पुरतं. डोक्यांबरोबर चौकोनात ऊन की सावली तेही लिहा. मग गेटपासून २०-२५ कुटुंबांची वाट नकाशावर पेन्सिलीने काढा: कुठे थांबले, कुठून मागे फिरले. मागे फिरण्याची जागा सापडली की निम्मं काम झालं.

ड्रोनने मोजू म्हणणाऱ्यांनी आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडावा. देवळाली, गांधीनगर आणि ओझर इथल्या विमानतळ आणि लष्करी ठिकाणांमुळे नाशिकभोवती बरंच आकाश लाल-पिवळं, म्हणजे परवानगीशिवाय बंद आहे.

कारणं बहुतेकदा चारच निघतात. वाट पुढे बंद होते आणि आलेल्या वाटेनेच परतावं लागतं. वाट उन्हात आहे. वळणावरून पुढचं काही दिसत नाही. किंवा जागा कायम रिकामी नसतेच, फक्त ठराविक वेळेला रिकामी असते. पहिल्या कारणाला उपाय एकच, वाट पुढे नेऊन दुसऱ्या वाटेला जोडायची. तिसऱ्यासाठी पन्नास-साठ मीटरवरून नजरेत भरेल असं काहीतरी उंच हवं. डिस्नेलँडचा किल्ला बरोबर मुख्य रस्त्याच्या टोकाला आहे तो याचसाठी. दुसऱ्या आणि चौथ्या कारणावर जाणकारांनी लिहावं.

तिकीटखिडकी

चौथ्यावर लिहितो. डिसेंबर-जानेवारीत सहलीच्या बसगाड्या सगळ्या साडेदहा ते अकराच्या दरम्यान लागतात. सगळी पोरं पहिल्या राईडवर तुटून पडतात आणि एक वाजता सगळी एकदम जेवायला बसतात. म्हणजे अकराला मागचं पार्क रिकामं, एकला पुढचं-मागचं दोन्ही रिकामं आणि जेवणघर तुंबलेलं.

यावर एक पैसाही खर्च नाही. मनगटपट्ट्यांचे दोन रंग करा. निळ्या शाळांनी पुढून सुरुवात करायची, पिवळ्यांनी थेट मागून. जेवण १२ आणि १:१५ अशा दोन पंगतींत. हे बुकिंगच्या पावतीवर छापा आणि बसमधून उतरताना सरांच्या हातात नकाशा द्या. नुसतं माईकवरून सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

दुसरं, राईडच्या मोहात पडण्याआधी तासाला किती माणसं खपतात ते काढा. १६ आसनांची राईड, चढ-उतार धरून फेरी पाच मिनिटांची: तासाला १२ फेऱ्या, कागदावर १९२ माणसं. प्रत्यक्षात पट्टे तपासणं आणि रिकाम्या खुर्च्या धरून १४०-१५० समजा. तेवढ्याच जागेत २५० जणांना बसायला पायऱ्या आणि छोटा मंच केला, वीस मिनिटांचा कार्यक्रम तासाला दोनदा लावला, तर ५०० माणसं. वर ती बसलेली असतात, म्हणजे बाकीच्या रांगा तेवढ्या वेळ हलक्या होतात.

पंचवटी_निवासी

पण कार्यक्रम बघायला पार्कात कोण येतं? पोरांना पाळणेच हवे असतात.

तिकीटखिडकी

पोरांना हवे असतातच. पण आजी-आजोबा, कडेवरचं बाळ आणि बॅगा सांभाळत बसलेली आई, यांना बसायला कुठे असतं? घरी कधी निघायचं ते हीच मंडळी ठरवतात. तीन वाजता त्यांना सावलीत टेकायला मिळालं तर कुटुंब साडेपाचपर्यंत थांबतं आणि संध्याकाळचा चहा-नाश्ता पार्कातच होतो.

माळीबुवा

दुसऱ्या कारणावर, उन्हातल्या वाटेवर, मी लिहितो. सावलीत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर.

नाशिक २० अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो, छताची सावली बरोबर खाली पडते. ठेकेदार याच वेळी फोटो काढून बिल लावतो. चार वाजता सूर्य पश्चिमेला साधारण ४१ अंशांवर उतरतो. उत्तर-दक्षिण वाट ४ मीटर रुंद आणि छत साडेतीन मीटर उंच असेल तर तोवर सावली ४ मीटर पूर्वेला सरकलेली असते. म्हणजे वाट पूर्ण उन्हात, सावली शेजारच्या गवतावर. पाच वाजता तर ती जवळजवळ सात मीटर सरकते. उपाय: छत पश्चिमेकडे दोन-अडीच मीटर जास्त काढा, किंवा पश्चिमेच्या खांबांवर वरून दीड मीटरपर्यंत उभी जाळी सोडा. उभी जाळी स्वस्त पडते.

वेली लावायच्या तर मधुमालती आणि संक्रांत वेल. संक्रांत वेल नेमकी सहलींच्या दिवसांत केशरी फुलते, फोटोसाठी लोक आपोआप थांबतात. वेलीला मांडव झाकायला दोन पावसाळे लागतात, तोवर खाली ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट ठेवा. ७५ टक्क्यांची लावली तर वेल सावलीत रोडावते.

झाडांत कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण. गुलमोहर वाटेवर नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या कडाकडा मोडतात. पोहण्याच्या तलावाजवळ बारीक पानांचं काहीच नको, गाळणी सारखी चोंदते. वड-पिंपळ बांधकामाच्या पायापासून लांब.

मखमलाबाद_मळा

माळीबुवा, नाशिकचं पार्क म्हणजे द्राक्षाचा मांडव हवाच की! मधुमालती काय, कुठेही असते.

माळीबुवा

दादा, द्राक्षवाले तुम्ही, तुम्हीच सांगा, खरड छाटणी कधी होते? एप्रिलमध्ये. म्हणजे ऐन गर्दीच्या हंगामात मांडवावर नुसत्या काड्या. पुन्हा पानं भरेपर्यंत सुट्टीचा मोठा भाग उन्हात जातो. आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून पुढे फवारण्या सुरू, त्या वाटेवरून पोरं चालवायची?

मखमलाबाद_मळा

वाटेवर नको, मान्य. पण मागच्या पडीक कोपऱ्यात अर्धा एकर वेगळा, कुंपण घालून, चालतो. उघडा फक्त जानेवारी अखेर ते मार्च, माल तयार असताना: स्वतः घड तोडा, वजन करून न्या. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी ते काढणीचं अंतर छापलेलं असतं, शेवटच्या फवारणीची तारीख त्यात बसवा आणि फाटकावर लिहा. कात्री बोथट टोकाची द्या. ओळीतलं अंतर नेहमीच्या ९ फुटांऐवजी १०-११ ठेवलं तर बाबागाडीही जाते. एप्रिल ते जूनमध्ये तो भाग बंदच ठेवायचा, त्याचं दुःख करू नका.

त्याच्या शेजारी डिसेंबर-जानेवारीत हुरडा. आगट्या वाटेपासून आणि शेडनेटपासून किमान दहा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. शेडनेट प्लास्टिकची असते, एक ठिणगी पुरते.

लोखंडी_हिशोब

सावलीवर माळीबुवांनी ऊन मोजलं, मी वारा मोजतो. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद दिलाय. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग: साधारण ९१० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास. ६ × ६ मीटरच्या कापडी छतावर हे ३.३ टन होतात, आणि अजून आकाराचे गुणक लावलेलेच नाहीत. हा जोर छताला खाली दाबतो त्यापेक्षा वर उपटतो. त्यामुळे खांब वाकण्याआधी पाया वर येतो. दीड फुटाचा खड्डा करून त्यात पाईप उभा केला आणि कांक्रीट ओतलं, हे जे सर्रास चालतं, ते वळवाच्या पहिल्याच पावसात निघतं.

मुरुमाच्या थरात खांबाला ६०० × ६०० मिमीचा आणि १.२ मीटर खोल पाया ही छोट्या जाळीच्या छतासाठी सुरुवात समजा. त्याचं वजन टनभरच भरतं, म्हणून कापडी छत असेल तर उपटण्याचा वेगळा हिशोब करून घ्याच. खाली काळी माती असेल तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला कांक्रीटचा खोल खांब: खालचा फुगवटा दांड्याच्या अडीच पट व्यासाचा आणि किमान साडेतीन मीटर खोल, माती फुगण्या-भेगाळण्याच्या थराखाली. नाहीतर पावसाळ्यात खांब वर येतो, उन्हाळ्यात खाली बसतो, दोन वर्षांत सगळं छत वाकडं. जाळी क्लिपांवर लावा म्हणजे १५ मेच्या पुढे हवामानाचा इशारा आला की दोन माणसं अर्ध्या तासात उतरवतात.

वाटेचंही तेच. काळ्या मातीवर थेट पेव्हर (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) बसवले की दुसऱ्या पावसाळ्यात लाटा येतात. किमान ६०० मिमी काळी माती काढा, मुरूम १५० मिमीच्या थरांनी पाणी मारून दाबा, वर खडीचा थर, मग ३०-५० मिमी क्रश सँड, मग पेव्हर. चालायच्या वाटेला ६० मिमी, गाडी जाणार असेल तर ८० मिमी. कडेला कर्ब (उभ्या दगडांची पक्की कड) नसेल तर पेव्हर बाहेर पळतात.

सिडको_सर्किट

पेव्हर बसवण्याआधी थांबा! प्रत्येक नव्या वाटेखाली आडवे दोन ११० मिमीचे रिकामे पाईप टाकून ठेवा, आत नायलॉन दोरी, दोन्ही टोकं बंद. पुढे स्टॉल, दिवे, स्पीकर, काहीही लावायचं झालं तर वाट उकरावी लागत नाही. हा खर्च वाट करताना नगण्य, नंतर डोक्याला ताप.

मागच्या कोपऱ्यात स्टॉल टाकल्यावर "चहाचा बॉयलर तापतच नाही" ही तक्रार येते. कारण जेवणघरातून ओढलेली वायर. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीवर १०० मीटर लांब १६ अँपियर ओढले तर जवळपास २४ व्होल्ट वायरीतच जातात, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. मोटर असेल तर ती तापून जळते. तेच ६ चौरस मिमीने केलं तर १० व्होल्ट. स्टॉल तीनपेक्षा जास्त असतील तर वायर ओढूच नका, तिथे वेगळा फीडर पिलर (वीज वाटणारी उभी पेटी) उभा करा: प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच), पेटी आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, सॉकेट जमिनीपासून किमान ६०० मिमी वर. एकाच आरसीसीबीवर सगळे स्टॉल टाकले की एका ओल्या मिक्सरपायी सगळी ओळ अंधारात.

पंचवटी_निवासी

वॉटर पार्कचं काय? जून ते फेब्रुवारी ती सात एकर जागा नुसती पडून असते. वेव्ह पूल, म्हणजे लाटांचा तलाव, रिकामा करून हिवाळ्यात त्यात गाण्याचे कार्यक्रम घेता येतील का? उतार तर आयताच मिळतो.

लोखंडी_हिशोब

येतील, पण "रिकामा करून" हे दोन शब्द जपून. पूल रिकामा झाला की भोवतालच्या जमिनीतलं पाणी तळाला खालून वर ढकलतं. एक मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला एक टन. २०० मिमीच्या आरसीसी तळाचं स्वतःचं वजन अर्धा टन. म्हणजे जमिनीतलं पाणी तळाच्या वर अर्धा मीटर आलं की स्लॅब तरंगायला लागतो: भेगा, उखडलेल्या टाइल्स, तुटलेले पाईप. पावसाळ्यात पूल भरलेलाच ठेवा. नोव्हेंबरात शेजारच्या विहिरीची पातळी बघा, तळाला दाब सोडणारे व्हॉल्व्ह आहेत का तपासा, आणि मगच हळूहळू उपसा.

त्यानंतर: खोल टोकाला मंच, प्रेक्षक उतारावर. ४० × २० मीटरच्या वेव्ह पूलमध्ये मंच आणि वाटा सोडून ७०० खुर्च्या आरामात बसतात. मंचाच्या प्रत्येक पायाखाली १८ मिमी प्लायचा तुकडा, नाहीतर जॅकचा पाया टाइल फोडतो. लाटांच्या खोलीची आणि तळाच्या जाळ्यांची तोंडं झाकून, स्क्रू मारून बंद. तळाच्या खड्ड्यात पंप कायम बसवलेला ठेवा, अवकाळी सांगून येत नाही. प्रेक्षकांना बाहेर पडायला उथळ बाजू मोकळी मिळते, पण कलाकार खोल टोकाला अडकतात, त्यांना मागून पक्का जिना हवाच. खुर्च्या एकमेकींना बांधा, उतारावर सरकतात.

तिकीटखिडकी

आणि वेळ! जानेवारीत नाशिकला रात्री नऊनंतर उघड्यावर कोणी बसत नाही. साडेपाच ते आठ.

हंगामी वापराचा धडा बाहेर जुनाच आहे. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ पासून ऑक्टोबरच्या रात्री भुताटकीसाठी दिल्या. कोपनहेगनचं टिव्होली १८४३ चं, पण नाताळात उघडायला लागलं १९९४ पासून. दोघांनीही आहे तीच जागा दुसऱ्या वेळेला विकली.

सातपूर_लेआउट

लेझी रिव्हरचाही (ट्यूबवर बसून संथ वाहत जायच्या कालव्याचाही) प्रश्न येणार म्हणून आधीच लिहितो. रिकाम्या नदीत दिव्यांची वाट किंवा लहान मुलांची सायकल छान होते, पण दोन्ही बाजूंना मीटरभर भिंत आणि वर यायच्या पायऱ्या दोन-तीनच. दर ३० मीटरला तात्पुरत्या लाकडी पायऱ्या बसवल्याशिवाय माणसं सोडू नका. चेंगराचेंगरी अशाच ठिकाणी होते.

उलटापालटा

सगळे जमिनीवरच बोलताय. राईडखालची जागा? जर्मनीतल्या फँटासियालँडला पसरायला जागा नाही, तर २०१६ च्या तारोन या रोलर कोस्टरच्या रुळांखालून-मधून पायवाटा काढल्यात. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या पार्कात तर एका राईडवरून दुसरी जाते. आपल्याकडे कोस्टरखाली गवत वाढतं नि पत्रे पडतात.

लोखंडी_हिशोब

करता येतं, फक्त वरून पडणाऱ्या वस्तूंचा हिशोब आधी. २० मीटरवरून सुटलेला मोबाईल खाली येईपर्यंत ताशी ७० किमी गाठतो. २५ मिमीची जाळी मोबाईल-चप्पल अडवते, किल्ल्या आणि नाणी नाही. त्यामुळे माणसं चालणार त्या पट्ट्यावर जाळी पुरत नाही, पत्र्याचं किंवा जाड पॉलिकार्बोनेटचं छत लागतं. बसलेल्या माणसाने हातपाय ताणले तर जिथवर पोहोचतात त्या घेराच्या बाहेरच छत, दिवे, फांद्या, सगळं. हा घेर राईड बनवणाऱ्याच्या नकाशात दिलेला असतो, अंदाजाने ठरवू नका. खांबांना आणि बोल्टना रोज तपासणाऱ्या माणसाची वाट अडवायची नाही. आणि अडकलेल्या गाडीतून लोक उतरवायचे जिने जिथे जमिनीला टेकतात तिथे स्टॉल लावणं हा गुन्हाच समजा.

माळीबुवा

राईडखाली वेली नकोत. फांदी रुळापर्यंत कधी पोहोचते कळत नाही. गवती चहा किंवा लिली लावा.

सातपूर_लेआउट

जी जागा रिकामी दिसते पण रिकामी नाही, तिची यादी भिंतीवर लावा: अग्निशमन गाडीची ६ मीटरची वाट आणि तिचं वळण, आणीबाणीत जमायचं मैदान, गॅस आणि डिझेलच्या टाकीभोवतीची मोकळी जागा, ट्रान्सफॉर्मरचं कुंपण, पावसाचं पाणी वाहून नेणारा खोलगट पट्टा. शेवटचा सगळ्यात आधी बुजवला जातो, कारण उन्हाळ्यात तो नुसता खड्डा दिसतो. इगतपुरीच्या बाजूच्या पार्कांनी तर त्याला हातही लावू नये.

आणि फार छोट्या पडीक तुकड्यांना छोटंच काहीतरी द्या. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंगमध्ये १९५९ पासून "कागद इकडे" म्हणत कचरा तोंडाने ओढून घेणारी कचरापेटी आहे. पोरं कचरा शोधून आणतात. दोन बाय दोन मीटरची जागा, एक ब्लोअर, एक सेन्सर, एक स्पीकर. एवढ्यावर ओसाड वळण जागं होतं. आपल्याकडे ब्लोअरच्या तोंडाला जाळी लावायला विसरू नका, नाहीतर मक्याचं कणीस आत गेलं की पंखा बसला.

उलटापालटा

पार्किंगकडे कुणी बघणार की नाही? सगळ्यात मोठी पडीक जागा तीच. डिस्नेने कॅलिफोर्नियात जुन्या पार्किंगवर अख्खं दुसरं पार्क बांधलं, २००१ मध्ये उघडलं.

सिडको_सर्किट

त्यांनी त्याआधी बहुमजली पार्किंग बांधलं, हे विसरू नका. आपल्या मापाचा उपाय म्हणजे सोलर छत. एक गाडीची जागा २.५ × ५ मीटर, त्यावर साधारण अडीच किलोवॉट बसतात, नाशिकच्या उन्हात वर्षाची सरासरी धरून दिवसाला दहा युनिटच्या आसपास. १०० गाड्यांवर छत केलं तर २५० किलोवॉट. पंप आणि गाळण्या दिवसाच चालतात, म्हणून वीज बहुतेक जागच्या जागी खपते. पॅनेल धुवायला पाण्याचा नळ छताच्या ओळीला आत्ताच द्या, मार्चनंतर धूळ जबर बसते.

राईडच्या रांगेत गारव्यासाठी पाण्याचे बारीक फवारे लावायचे असतील तर तीच वीज वापरा, पण आरओचं पाणी हवं. बोअरच्या जड पाण्याने बारीक नोझल महिनाभरात क्षाराने बुजतात. आणि जूनपासून ते बंद, दमट हवेत माणूस नुसता भिजतो.

तिकीटखिडकी

पार्किंगचं गणित: वाटा धरून एका गाडीला २५ चौरस मीटर, म्हणजे एकरात १५०-१६०. रविवारी भरतं, मंगळवारी पाव भागसुद्धा नाही. गेटपासून लांबचा तुकडा काढता येणाऱ्या खांबांनी वेगळा करा आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत मुलांचं वाहतूक मैदान करा: रंगवलेले रस्ते, सिग्नल, पायडलच्या गाड्या. शाळांना तेच हवं असतं. शुक्रवारी संध्याकाळी खांब काढले की पुन्हा पार्किंग. मात्र रंगवलेले रस्ते आणि गाड्या लावायच्या रेषा वेगळ्या रंगात हव्यात, नाहीतर रविवारी लोक झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आडवी लावतात.

पंचवटी_निवासी

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याला महामार्गावरच्या पार्कांनी भाविकांच्या बसगाड्या लावू द्याव्यात असं कुणीतरी म्हणत होतं. सोलर छताखाली बस जाईल का?

लोखंडी_हिशोब

गाडीसाठी अडीच मीटर उंचीचं छत केलं तर अर्थातच नाही. बससाठी खालची मोकळी उंची साडेचार मीटर धरा आणि वळायला बाहेरून किमान १२ मीटरची त्रिज्या. उंच छताला वाराही जास्त झेलावा लागतो, त्यामुळे बसची जागा छताविनाच ठेवा आणि छत गाड्यांवर घाला.

मुख्य अडचण वेगळीच आहे. पर्वणी, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, ऐन पावसाळ्यात येते. मुरुमाच्या मैदानावर भरलेली बस एकदा फिरली की दुसरी रुतते. आत्तापासून करायचं तर काळी माती काढून तळाला जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड), वर २०० ते २५० मिमी खडी-मुरूम थराथराने दाबून, उतार दोन टक्के आणि कडेला चर. बसची ये-जा पार्कच्या मुख्य गेटातून नको, वेगळं फाटक आणि वाहतूक पोलिसांशी आधी बोलणी. पर्वणी संपली की तेच मैदान पुढच्या डिसेंबरात सहलीच्या बसगाड्यांना कामी येतं.